दादाच्या गाडीचं ॲव्हरेज

चाचणी केंद्रात तो बारा वर्षं गाड्या चालवत होता, पण त्या खोलीतून इंचभरही पुढे गेला नव्हता. चाकं जमिनीतल्या रोलरवर फिरत. समोरच्या पडद्यावरची रेषा सांगेल तसा वेग वाढवायचा, कमी करायचा आणि शेवटी गाडी लिटरमागे किती धावली ते लिहायचं. संध्याकाळपर्यंत कंबरेचा पार भुगा होई.

शनिवारी काम आटोपता आटोपता त्याचा थोरला भाऊ आपली सतरा वर्षांची गाडी घेऊन आला. दादाचं चष्म्यांचं दुकान होतं, घराच्या खालीच.

"तुझ्या हायब्रिडचं कौतुक ऐकून कान किटले," दादा जांभई देत म्हणाला. "हिला चढव. पंधरा नाही दिले तर नाव बदलीन."

सकाळीच एका हायब्रिडने चोवीस दिले होते. दादाच्या गाडीने दिले साडेदहा.

"तुझं यंत्र बिघडलंय."

त्याने वाद घातला नाही. गाडी जॅकवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं, तर ब्रेक घासत होता. तो मोकळा केल्यावर तेरा आले.

"म्हातारीत दम आहे अजून," दादा म्हणाला आणि बाकावर टेकला.

फॉर्ममध्ये मीटरचा आकडा लिहिताना त्याची नजर मागच्या सर्व्हिसिंगच्या चिठ्ठीवर गेली. त्याने दोनदा वजाबाकी केली.

"दादा, आठ महिन्यांत एकवीस हजार? जातोस तरी कुठे?"

"आईकडे."

"ते रविवारी ना?"

"रविवारी तुझा फोन येतो, तेव्हा मी तिथे असतो एवढंच." दादाने चष्मा काढून डोळे चोळले. "ती पडल्यापासून रोज पायाचा व्यायाम करून घ्यावा लागतो. कोणालातरी पाय धरावा लागतो. तुला सांगू नको म्हणाली. तू दमून येतोस म्हणे."

जायला पंचेचाळीस किलोमीटर, यायला पंचेचाळीस. ब्रेक घासत असताना. त्याने खिशातून किल्ली काढली.

"माझी हायब्रिड ने तू," तो म्हणाला.

"गाडी नको रे. तू ये."

सोमवारी रोलरवरून उतरला तो थेट आईकडे गेला. कंबर ठणकत होती. आईने दार उघडून त्याच्यामागे पाहिलं.

"दादा कुठेय?"

"घरी. झोपलाय. आता एक दिवस तो, एक दिवस मी."

"त्याने सांगितलं वाटतं," आई पुटपुटली आणि पलंगावर पाय पसरून बसली. "टाच धर. तशी नाही, खालून. वीस वेळा."

तो पाय वर नेऊ लागला. पाय त्याला वाटला होता त्याहून हलका होता. बाराव्या वेळेला दोघंही थांबले.

"दमलास?"

"हो."

"मग बस जरा," आई म्हणाली. "मीही दमलेय."