मार्लीनाची फी कोणी भरली

माझा भाऊ रेजिस बोटीला नवं इंजिन घेणार आहे, हे मला मासे तळताना कळलं. ईस्टरच्या आधीच्या प्रत्येक शुक्रवारी आमच्या गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे विकायला असतात आणि कढईवर मी असते. रांगेत उभा राहून तो पुढच्याला मोठ्याने सांगत होता, "यंदा करखात्याने खूश केलं बघ. तीन हजार डॉलर. पोरगी कॉलेजात असली की फायदा असतो."

माझ्या हातात झारा होता. तो हातातच राहिला हे रेजिसचं नशीब.

त्याच सकाळी त्याची आधीची बायको डार्लीन माझ्या स्वयंपाकघरात बसून रडून गेली होती. तिचं कराचं रिटर्न करखात्याने न स्वीकारताच परत पाठवलं होतं. कारण काय, तर त्यांची मुलगी मार्लीना आपल्यावर अवलंबून आहे असं दुसऱ्याच कोणीतरी आपल्या रिटर्नमध्ये आधीच दाखवलंय. कोणी, ते सरकार सांगत नाही. डार्लीन म्हणाली, काहीतरी चूक झाली असेल. मीही तिला तेच म्हणाले. आता कळलं, चूक कसली आणि काय कसली.

हे प्रकरण जरा समजावून सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाचचा वाटेल. मार्लीना म्हणजे माझी भाची. भाऊ कसाही असला तरी भाची माझीच आहे. पोरगी हुशार. कॉलेजची सगळी फी तिने शिष्यवृत्त्यांवर भागवली. बापाचा एक पैसा नाही. हॉस्टेलचं भाडं आणि जेवणाचा खर्च मात्र राहतो. तो ती दुकानात गल्ल्यावर बसून आणि डार्लीन वृद्धाश्रमात लोकांच्या चादरी धुऊन कसाबसा भरतात. यंदा त्यातले चौदाशे डॉलर थकलेत. महिनाअखेर ते भरले नाहीत तर पुढच्या वर्षाची नावनोंदणी बंद.

मुलाची कॉलेजची फी भरणाऱ्या आईबापाला करात सवलत मिळते, पण दोघांतल्या एकालाच, मूल ज्याच्याकडे राहतं त्याला. आणि फी शिष्यवृत्तीतून गेली असेल तर ती तुम्ही भरली असं धरत नाहीत. मग सवलत नाही. डार्लीन एवढ्यावरच गप्प बसली असती. पण ग्रंथालयात लोकांची रिटर्नं फुकट भरून देतात, तिथल्या माणसाने मार्लीनाला विचारलं, यातली कुठली शिष्यवृत्ती भाड्याला आणि जेवणाला वापरली तरी चालते का? एक होती तशी. मग तो म्हणाला, तिच्यातले चार हजार तू राहण्याखाण्यावर खर्च केलेस असं दाखव. ते तुझं उत्पन्न धरलं जाईल, त्यावर तुला थोडा कर बसेल. पण तेवढीच फी घरातून भरली असं होईल आणि आईला अडीच हजारांची सवलत मिळेल. सगळं कायदेशीर. मार्लीनाने मागचापुढचा विचार केला नाही. स्वतःच्या कमाईतून अडीचशे डॉलर कर भरला आणि आईला म्हणाली, आता हॉस्टेलची काळजी सोड.

आणि ते सगळं या गृहस्थाने आधीच लाटलं होतं. कॉलेजात अजून जुना पत्ता आहे, म्हणून फीचा कागद त्याच्या घरी आला. त्यावर दोन आकडे असतात, फीचा आणि शिष्यवृत्तीचा. याने फीचा उचलला आणि शिष्यवृत्तीचा सोडून दिला. पोरगी आपल्याकडे राहते असं ठोकून दिलं आणि जानेवारी संपायच्या आत रिटर्न पाठवून मोकळा झाला.

तो कढईसमोर आला. "बर्नी, मोठा तुकडा दे."

"मार्लीनाची फी कोणी भरली, रेजिस?"

"काय?"

"ऐकू येत नाही का? फी कोणी भरली?"

त्याने मागे बघितलं. रांग लांब होती आणि आमच्या गावात सगळ्यांचे कान शाबूत आहेत. "ताई, इथे नको ना."

"मघाशी इथेच तर फुशारकी मारत होतास."

"घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशानेच ठरवून दिलं होतं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पोरगी रिटर्नमध्ये दाखवायला एक वर्ष डार्लीनचं, एक माझं. यंदा माझं."

"अठरा पूर्ण होईपर्यंत. आता ती वीस वर्षांची आहे. तुझी मुलगी किती वर्षांची आहे ते पण मीच सांगायचं का तुला?"

"बाप आहे मी तिचा."

"इंजिन घेताना आठवलं ते."

मार्लीना माझ्या शेजारीच कोबीची कोशिंबीर वाढत होती. घरी आली की ती शुक्रवारी मदतीला येते. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. आईच्या रिटर्नचं काय झालं ते तिला तेव्हाच कळलं. डार्लीनने तिला सांगितलंच नव्हतं, परीक्षा आहे म्हणून. मला वाटलं ही आता रडणार. पण तिने चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आईला आता कागदावर रिटर्न पाठवावं लागेल. त्याला महिने लागतात. मग करखातं तुम्हा दोघांनाही विचारणार, पोरगी राहते कुठे. मलाही लिहून द्यावं लागेल."

"मग दे की लिहून. सुट्टीत माझ्याकडे असतेस म्हणून. कोण बघायला येतंय?"

माझं रक्त उकळलं. पोरीचे पैसे खाल्ले ते खाल्ले, वर तिलाच खोटं बोलायला सांगतो.

"लिहिते," मार्लीना म्हणाली. "पण त्यांनी विचारलं तर नीट सांगता आलं पाहिजे ना. मी माझ्या खोलीतच झोपत होते असं लिहू?"

"हो, तसंच लिही."

"तिथे आता काय आहे, बाबा?"

मला माहीत होतं तिथे काय आहे ते. पण म्हटलं, याच्याच तोंडून येऊ दे.

"काय आहे?" तिने परत विचारलं. आवाज चढवला नाही.

"फ्रीझर आहे," तो म्हणाला. "हरणाच्या मांसाचा."

"आणि पलंग?"

"पलंग विकला."

रांगेतल्या मागच्या माणसाने आपल्या ताटलीकडे बघायला सुरुवात केली. मीच आणलेला पलंग होता तो, मार्लीना पाळण्यातून उतरली तेव्हा. रेजिसला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, पण मार्लीनाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"किती पाहिजेत?" रेजिसने विचारलं.

"चौदाशे. पण मला नकोत, आईला द्या. आणि सोमवारी ग्रंथालयात जाऊन रिटर्न दुरुस्त करा."

"म्हणजे सरकारलाही परत द्यायचे आणि डार्लीनलाही? दोन्हीकडून मीच मरू?"

"तिचं रिफंड आलं की तुझे चौदाशे तुला परत करेल ती," मी म्हणाले. "ती काही तुझ्यासारखी नाही. आणि करखात्याने स्वतः तुला पकडलं तर व्याज भरशील, वर दंड. मग विकत बस बोट."

मासा न घेताच तो बाहेर गेला. डार्लीन आवारात गाडीत बसली होती, मार्लीनाला न्यायला आली होती. रेजिसची गाडी दिसली की ती हॉलमध्ये पाऊल टाकत नाही. मी झारा दुसऱ्या बाईच्या हातात दिला आणि खिडकीशी गेले. मार्लीनाही आली.

त्याने आपल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून चेक लिहिला. मग डार्लीनच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलू लागला. बराच वेळ बोलला. हातवारे केले, छातीवर हात ठेवला, एकदा आमच्याकडे बोटही दाखवलं. दोष माझाच असणार, दुसरं काय. डार्लीन समोर बघत बसली होती.

शेवटी तिने काच खाली केली. चेक आत जाईल एवढीच. चेक घेतला आणि पुन्हा वर केली.

मी असते तर तेवढीही खाली केली नसती.