सहीवरच्या दोन कोऱ्या ओळी

"सहीच्या वर दोन ओळी कोऱ्या सोडत जाजो. काऊन, ते विचारू नको."

हे वाक्य माझ्या पानावर बोट ठेवून बोललं गेलं. मी देवळीच्या एका लोखंडाच्या दुकानातली खातेवही. बोट होतं म्हाताऱ्या दिवाणजींचं, पुंडलिकरावांचं. ऐकणारी होती कांता, मालक वासुदेवरावांची पुतणी, वर्ध्याहून नुकतीच बी.कॉम. होऊन आलेली.

"नियम कोणाचा हाय हा?" तिने विचारलं.

"माह्या अगोदरच्या दिवाणजीचा."

"त्याहिनं तरी कोणाले विचारलं होतं का?"

"तोंड लय चालते वो तुह्यं. आता हात चालव."

कांताने हात चालवला. तेव्हा तिने तो नियम पाळला, हे मी लपवणार नाही.

मला वर्ध्याच्या एका बाइंडरने शिवलं. लाल कापडाचा पुठ्ठा, दोनशे पानं. १९८० च्या दिवाळी-पाडव्याला माझ्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वासुदेवरावांनी डोळे मिटून हात जोडले. माणसं वहीची पूजा करतात, आणि पूजा आटोपली की तिच्यात काय लिहायचं आणि काय नाही ते आपसात ठरवतात. वहीला कोणी विचारत नाही.

दुकानात एक पाटी होती : 'आठ दिवसांत पूर्ण रक्कम भरल्यास शेकडा दोन सूट'. पाटी खरी होती, पण सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांच्यासाठी वासुदेवराव चहा मागवत, त्यांना सूट मिळे. कवडू मिस्त्रीसाठी चहा कधी आला नाही.

कवडू गवंडी होता, गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतला. माल नेला की पाचव्या दिवशी पैसे आणून द्यायचा. एकदा त्याने पाटीकडे बोट दाखवलं, तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "ते मोठ्या व्यापाऱ्याईसाठी हाय, कवडू." तो बरं म्हणाला. खिशातून स्वतःचा निळ्या शाईचा पेन काढून त्याने माझ्या पानावर सही केली. त्याच्या सहीतल्या 'क'ची रेघ झाडाच्या शेंड्यासारखी वर जायची.

पुढल्या उन्हाळ्यात वस्तीने विहारावर छप्पर घालायचं ठरवलं. घरोघर वर्गणी जमली, आणि सात हजारांची टिनपत्रं कवडूने आमच्याकडून नेली. शेकडा चार कर वेगळा, तोही पूर्ण सात हजारांवर. पाचव्या दिवशी त्याने पै न् पै मोजून दिली. कांताने रक्कम लिहिली, दोन ओळी सोडल्या, त्याने खाली सही केली.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी त्या कोऱ्या जागेत काळ्या शाईने लिहिलं, 'सूट दिली रु. १४०'. लिहिताना त्यांच्या काळ्या रेघा कवडूच्या निळ्या शेंड्यावर चढल्या. मला ते चटक्यासारखं जाणवलं. एकशे चाळीस रुपये गल्ल्यातून निघाले आणि वासुदेवरावांच्या खिशात गेले. सूट वजा केल्यामुळे सरकारला कर भरला तो सहा हजार आठशे साठांवर. कवडूकडून घेतलेल्या करातले पाच रुपये साठ पैसेही दुकानातच राहिले.

कराचे कागद तयार करताना हे कांताच्या लक्षात आलं.

"काकाजी, कवडूभाऊले सूट कवा दिली?" तिने वासुदेवरावांना विचारलं.

"तू बेरीज पाह्य. बाकीचं आमी पाहून घेतो."

कांताने निळी सही आणि तिच्यावरची काळी शाई नीट पाहिली. मग तिने पान उलटलं. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

कवडू परत दुकानात आला, ती दुपार सांगण्याआधी माझं आजचं सांगते. मी आता वर्ध्याजवळ नालवाडीला कांताच्या टेबलाच्या खणात असते. माझ्या कडा कुरतडल्या आहेत, कुंकू फिकं झालं आहे. माझी एकच विनंती आहे. कुठल्याही वहीवर सही कराल तेव्हा वरच्या कोऱ्या जागेत आधी आडवी रेघ मारा. समोरचा कितीही वडीलधारा असला तरी.

तर ती दुपार. वर्ध्याच्या विक्रीकर कार्यालयाने पडताळणीसाठी कवडूला पत्र पाठवलं होतं : आपणास एकशे चाळीस रुपये सूट मिळाली, हे खरे काय? पत्र वस्तीत वाचलं गेलं. वर्गणीच्या हिशोबात ते एकशे चाळीस कुठेच नव्हते. आयुष्यभर पाचव्या दिवशी पैसे चुकते करणाऱ्या माणसाकडे त्याचीच माणसं संशयाने पाहू लागली. कवडू पत्र घेऊन दुकानात आला. सोबत वर्गणीचा हिशोब ठेवणाऱ्या प्रमिलाबाई होत्या.

"मालक, मले सूट भेटली नाई," कवडू म्हणाला. "एवढं एका कागदावर लिहून द्या. वस्तीत मले मान वर करता येत नाई."

वासुदेवरावांनी मला उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "सही तुहीच हाय ना? मंग झालं तं. कांते, लिही, सूट पोचली म्हून. हा कागद घेऊन जाईन तो."

प्रमिलाबाई कवडूकडे न बघता म्हणाल्या, "सही तं मिस्त्रीचीच हाय."

कवडूने मान खाली घातली. कांताने पेनाला टोपण लावलं.

"मी नाही लिहिणार."

"कांते, मोठ्याईच्या मंधात बोलू नको," पुंडलिकराव म्हणाले.

"आजवर नाही बोलले, तेच चुकलं." तिने मला प्रमिलाबाईंच्या बाजूला वळवलं. "हे पाहा बाई. सही निळी, सूट काळी. काळी शाई निळीच्या वरून गेली हाय. म्हणजे सही आधी झाली, सूट मागून लिहिली. अन् ही जागा कोरी कोणी ठेवली? मी. माह्या हातानं. वर्ध्याले सायबापुढं मी हेच सांगणार."

प्रमिलाबाईंनी त्या शेंड्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मिस्त्री, आमचं चुकलं."

कवडूने मान वर केली. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "मंग मालक, वस्तीचे ते पैसे कुठी हायेत?"

वासुदेवरावांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी माझ्याकडे. कांताने मला मिटलं आणि वर्ध्याला न्यायला काखेत घेतलं.