दहाच्या दहा प्रश्नांना पाच

मी एक जुना माऊस आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या बिनवायरच्या, लाल उजेडाच्या माऊसशी माझी तुलना करायला जाऊ नका. मला लांब करडी वायर आहे आणि पोटात रबराची गोळी आहे. ती गोळी फिरली की पडद्यावरचा बाण हलतो. तो बाण म्हणजेच माझे डोळे. सध्या मी सुरगाण्याच्या एका अभ्यासकेंद्रात टेबलाच्या खालच्या खणात पडून असतो, मोडक्या स्टेपलरच्या आणि वाळलेल्या शाईच्या पॅडच्या सोबतीने. म्हातारपणी जो तो आपले पराक्रम सांगत बसतो. माझ्या नावावरही एक मोठं प्रमाणपत्र आहे. पण ते मिळालं कसं, हे सांगायचं म्हटलं की मला लाज वाटते. आज ती लाज बाजूला ठेवून सांगतो.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानातलं काचेचं कपाट. २००२ साली ललितसरांनी मला तिथून नेलं. नाशिकच्या गोदातीर दूरशिक्षण संस्थेने डोंगराळ तालुक्यांत अभ्यासकेंद्रं उघडली होती. शेतीकाम, नोकरी, घरदार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ती होती. ललितसर मूळचे निफाडचे. सुरगाण्याला केंद्रसहायक म्हणून त्यांची नवी नेमणूक झाली होती. संगणकाचे खोके जीपच्या टपावर बांधले, पण मला धक्के बसू नयेत म्हणून सरांनी मला सगळा घाट मांडीवर घेतलं. इतकी कदर कोणी केली की त्या माणसावर जीव जडतोच. माझा जडला.

पूर्वी इथल्या माणसांना निकाल बघायला किंवा परीक्षेचा फॉर्म भरायला एसटीने नाशिक गाठावं लागे. एक दिवस जायचा आणि मजुरीही बुडायची. आता टेलिफोनची तार संगणकाला जोडली, की थोडी किंचाळून ती नाशिकशी बोलायला लागे. मग निकाल, फॉर्म, धडे, सगळं इथेच मिळे. मी हातांवरून माणसं ओळखायला शिकलो. भातलावणीच्या दिवसांत बोटं पाण्याने पांढरी पडलेली असत. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, काढणीत त्यांना बारीक चिरा पडत. नवखी माणसं मला कोंबडीच्या पिल्लासारखं धरत, जरा दाबलं तर मरेल की काय अशा भीतीने. दर शनिवारी सर माझं पोट उघडून गोळी पुसत आणि आतली धूळ नखाने खरवडून काढत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढच्या जानेवारीत पहिलं सर्वेक्षण आलं. संस्थेच्या ऑनलाइन सेवेबद्दल विद्यार्थी किती समाधानी आहेत, हे नाशिकला जाणून घ्यायचं होतं. दहा प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोल. गोलांखाली नुसते आकडे, एक ते पाच. त्यातला कोणता आकडा चांगला आणि कोणता वाईट, हे सगळ्यात वर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. फॉर्म विद्यार्थ्याने स्वतः भरावा, कर्मचाऱ्याने जवळ थांबू नये, असं पत्रात बजावलं होतं. ललितसर सरळ माणूस. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्रेचाळीस जणांनी फॉर्म भरले. वनखात्यात मजुरी करणारे पुंजा गावित पन्नाशीत शिकायला लागले होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि दहाच्या दहा प्रश्नांना एक नंबरचा गोल दाबला. बाकीच्यांनीही तेच केलं. प्रत्येक जण हसतमुखाने उठून जात होता.

महिन्याभराने नाशिकहून बोलावणं आलं. संस्थेच्या विद्यार्थी-सेवा विभागाच्या प्रमुख संध्या मॅडम यांनी भर बैठकीत सगळ्या केंद्रांचे आकडे वाचले आणि शेवटच्या नंबरावर आलेल्या सुरगाण्याच्या सहायकाला उभं केलं. सर परतले तेव्हा त्यांचा हात माझ्यावर दगडासारखा पडला. त्यांनी पुंजाभाऊंना विचारलं, "माझं काय चुकलं हो? सगळ्यांनी एक का दाबलं?"

पुंजाभाऊ गोंधळले. म्हणाले, "पयला नंबर दिला ना सर तुमाला. आमच्या शाळंत पयला नंबर आला का पेढे वाटायचे. पाचवा नंबर कोन देईल तुमाला?"

सर हसले. त्यांनी हे नाशिकला कळवायला हवं होतं. एका पानाचं पत्र पुरलं असतं. पण आता काहीही सांगितलं तरी सबब वाटेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या बैठकीत उभं राहिल्याचा डंख मोठा होता.

पुढच्या वर्षापासून सरांनी विचारणंच सोडलं. सर्वेक्षण भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म उघडत नसे. विद्यार्थी समोर बसला, की सर पडदा आपल्याकडे वळवत आणि मला भराभर पाचव्या गोलावरून खाली नेत. दहा क्लिक, की झालं. विद्यार्थ्याला वाटे, सर आपला फॉर्म भरताहेत. त्या वर्षी सुरगाणा केंद्र शंभर टक्के समाधानी ठरलं. चौकटीत घातलेलं प्रमाणपत्र आलं आणि सरांनी ते बरोबर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर लावलं.

मी साधा माऊस, मी काय करणार, असं म्हणून मला सुटता येईल. पण मित्रांनो, मला ते आवडत होतं. धुळीने गोळी अडकली की मी एरवी हजार वेळा अडून बसायचो. सर्वेक्षणाच्या दिवसांत एकदाही अडलो नाही. पाचव्या गोलाची वाट मला इतकी पाठ झाली होती, की बाण आपसूक तिकडेच वळायचा. कोणी प्रमाणपत्राकडे बघून मान डोलावली, की मलाही बरं वाटायचं.

पुढे संस्थेने नवी वेबसाइट केली. चित्रंबित्रं असलेली, देखणी. नाशिकच्या जलद लाइनवर ती झकास चालत असेल. आमच्या टेलिफोनच्या तारेवर मात्र अर्ध्यावर येऊन ती मान टाकायची. माणसं कुरकुरू लागली. काही जण केंद्रात मिळणारा कागदी फॉर्म भरून पोस्टाने पाठवू लागले. सर म्हणायचे, "कळवतो नाशिकला." पण कळवणार कोणत्या तोंडाने? दर जानेवारीत नाशिकला तर शंभर टक्के समाधान पोचत होतं. शेवटी त्याच आकड्यांच्या जोरावर संस्थेने ठरवलं, की आता कागदी फॉर्मची गरज उरली नाही. पोस्टाने फॉर्म पाठवायची सोय बंद झाली.

आता उज्वलाताईंबद्दल सांगतो. उज्वलाताई भोये एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होत्या. त्यांच्या तळहातावर नेहमी खडूची भुकटी असायची आणि मला त्या फार हलक्या हाताने धरायच्या. पाच वर्षं रेटून त्या बीएच्या शेवटच्या वर्षाला आल्या होत्या. पदवी मिळाली, की त्यांना मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसता येणार होतं. पण तिथे वयाची अट होती. २००८ साल हे त्यांच्यासाठी शेवटचं होतं. हे वर्ष हुकलं, की ती वाट कायमची बंद.

सोमवारी त्या सासूबाईंना, लंकाबाईंना घेऊन आल्या. लंकाबाई पायरीवर बसल्या. सरांनी पडदा वळवला, माझ्याकडून दहा वेळा पाच दाबून घेतले. सर्वेक्षण क्षणात नाशिकला पोचलं. मग परीक्षेचा फॉर्म उघडला आणि अर्ध्यावर लटकला. दिवसभर तेच चाललं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपली आणि पान बंद झालं.

सरांनी नाशिकला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की तुमच्या केंद्रातून आजवर एकही तक्रार नाही, तेव्हा संगणकच बिघडला असेल, घेऊन या. गुरुवारी सकाळी संगणक जीपमध्ये घालून आम्ही निघालो. मी पुन्हा सरांच्या मांडीवर होतो. उज्वलाताई मागच्या बाकावर पदराखाली कागदांची पिशवी धरून बसल्या होत्या.

संध्या मॅडमच्या कचेरीत संगणक आणि मला जोडलं, मॅडमनी बंद झालेलं पान तपासणीपुरतं चालू करून दिलं, तर फॉर्म झटकन उघडला. म्हणजे संगणक धडधाकट होता. मॅडम काही निर्दयी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "परीक्षार्थींची यादी उद्या छापायला जाते. चूक आमच्या सेवेची असेल, तर मी आजही नाव घालू शकते." मग त्यांनी उज्वलाताईंची नोंद उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण बाई, तुम्ही तर सोमवारी दहाच्या दहा प्रश्नांना पाच दिलेत. फॉर्म सहज उघडतो, पूर्ण समाधानी. गेल्या चार वर्षांतही तेच आहे."

"मी नाय दिलं, मॅडम," उज्वलाताई म्हणाल्या. "मला कोनी इचारलंच नाय."

"मग दिलं कोणी?"

सरांचा हात माझ्यावर होता. एक शब्द बोलायचा होता आणि यादी अजून उघडी होती. मला वाटलं, आता बोलतील. सर म्हणाले, "यांना आठवत नसेल, मॅडम."

उज्वलाताईंनी सरांकडे नुसतं बघितलं. कागदांची पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी नोंद मिटली. तिथे त्या टेबलावर मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. ते पन्नास क्लिक माझे होते आणि त्यांनी एका खऱ्या बाईला खोटं ठरवलं होतं.

आम्ही सुरगाण्याला परतलो. त्यानंतर आठवडाभर सरांनी माझी गोळी पुसली नाही की मला नीट हातात धरलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलं आणि संध्या मॅडमना सगळं खरं लिहिलं. पहिल्या नंबराची गोष्ट, पाच वर्षांचे खोटे पाच, सगळं. मॅडमचं उत्तर चार ओळींचं होतं. सरांना ताकीद दिली होती. डोंगराळ केंद्रांसाठी कागदी फॉर्म पुन्हा सुरू करत आहोत, असं कळवलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही त्या दिवशी समोर होता. यादी त्या दिवशी उघडी होती."

ते वाक्य सरांनी किती वेळा वाचलं, ते मी सांगत नाही.

पुढच्या जानेवारीत पुन्हा सर्वेक्षण आलं. या वेळी सरांनी भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, की एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे चांगलं. उज्वलाताईही लंकाबाईंना घेऊन आल्या. मुख्यसेविकेची वाट बंद झाली होती, तरी पदवी पुरी करायची म्हणून त्या कागदी फॉर्म घ्यायला आल्या होत्या. सरांनी मला त्यांच्यापुढे सरकवलं.

"ताई, हे तुम्ही भरा. मी बाहेर बसतो."

उज्वलाताईंनी हात पुढे केला नाही. शांतपणे म्हणाल्या, "तुमीच भरा सर. तुमाला सवय हाय."

सर उभे होते तिथेच उभे राहिले. त्यांनी मला हात लावला नाही. मी दोघांच्या मध्ये टेबलावर पडून होतो. मला वायर उपटून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. शेवटी पायरीवरून लंकाबाई म्हणाल्या, "भर गं. इचारतोय ना आता."

सर बाहेर गेले. खडूची भुकटी लागलेला तो हात खूप दिवसांनी माझ्यावर आला. माझा बाण सवयीने पाचव्या गोलाकडे निघाला होता. त्यांनी त्याला हळूच मागे वळवलं. फॉर्म सहज उघडतो का? एक. अडचण आल्यास दखल घेतली जाते का? एक. असे नऊ प्रश्न झाले. दहावा होता, केंद्रातील कर्मचाऱ्याबद्दल आपण समाधानी आहात का? तिथे त्या थांबल्या. एकावर आल्या आणि थांबल्या. दाराबाहेर पायरीवर पाठमोरे बसलेले सर त्यांना तिथून दिसत होते. मग त्यांनी मला थोडं पुढे नेलं आणि बटण दाबलं. तीन.

मित्रांनो, तिसऱ्या गोलावर मला आजवर कोणी नेलंच नव्हतं. लोकांनी प्रेमाने एक दाबलं होतं आणि सरांनी भीतीने पाच. तीनमध्ये त्या माणसाने घाटातून सांभाळून आणलेलं केंद्र होतं आणि त्या गुरुवारचं खोटंही होतं.

त्यानंतर लवकरच लाल उजेडाचा नवा माऊस आला आणि सरांनी मला खणात ठेवलं. फेकलं नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. आमच्यासारख्या वस्तूंची धूळ वेळच्या वेळी पुसा. आणि कुणाला, तुला कसं वाटलं, असं विचारलंत, तर त्याचं उत्तर येईपर्यंत आपला हात बाजूला ठेवा. माझं डावं बटण पाच दाबून दाबून झिजून गुळगुळीत झालं आहे. उज्वलाताईंचं तीन त्यावर कुठे दिसत नाही, पण मला ते नक्की आठवतं, कारण ते एकच होतं.