बसायच्या फळीचा रेडिओ

मी बिरप्पाच्या रेडिओचा खोका बोलतोय. साल एकोणीसशे चौतीस असावं, कदाचित पस्तीस. छातीठोक सांगवत नाही. पुढे माझ्या पोटातून इतकी व्याख्यानं गेली, की स्वतः पाहिलेलं कोणतं आणि नुसतं ऐकलेलं कोणतं, याचाच गोंधळ होतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

जन्माने मी सागवानी फळी. सोलापूरच्या वेशीबाहेर हरिबा घोंगड्या विणायचे, ते मागाच्या खड्ड्याकाठी माझ्यावर बसून. त्यांचा मुलगा बिरप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात तारा जोडायचा. तो रजेवर घरी आला होता, आणि नोकरी सोडून सोलापुरात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

"आदी एक रेडिओ करून दाव," हरिबा म्हणाले. "खोक्याला माजी फळी घे. पर आवसंपतोर बोलला न्हाय, तर फळी मागाला आन् तू गुमान कारखान्याला."

"तवर हुबं ऱ्हाऊन इननार व्हय?" बिरप्पाची आई मायाक्का हसली.

"पोत्यावर बसतो की!"

बिरप्पाने मला कापलं, ठोकलं, गिरमिटाने भोकं पाडली. व्हॉल्व्हची, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या दिव्याची बैठक आणि तारेची गुंडाळी पितळी स्क्रूंनी बसली. पण छोटे कंडेन्सर आणि रोधक म्हणजे बोटाच्या पेराएवढे जीव. त्यांना स्क्रू कुठे मारणार? नुसते लोंबते सोडावेत, तर खोका हलला की एकमेकांना शिवणार. मग या घरात कुणीही केलं असतं तेच त्याने केलं. चिंचोक्याची खळ आणली. लोकरीचा धागा ताठ व्हावा म्हणून मायाक्का ती शिजवायची, आणि घरातलं जे काही निघेल ते या खळीनेच चिकटायचं. बिरप्पाने सढळ हाताने थापली.

संध्याकाळी हेडफोन कानाला लावला. शांतता. दुसऱ्या दिवशीही तेच.

"याच्यापरीस माजी मेंढी बरी बोलती की!" पोत्यावर चुळबुळत हरिबा म्हणाले.

बिरप्पा हसला नाही. मीही आतून खचलो. दोष माझ्या लाकडातच असला तर? इतकी वर्षं नुसता बसायच्या कामी आलेला मी, बोलणाऱ्या वस्तूंत माझं काय काम?

अवसेच्या आदल्या दिवशी खळीला मुंग्या लागल्या. मायाक्काने मला उन्हात ठेवलं. भर दुपारी बिरप्पाने सहज हेडफोन लावला, तर खरखर! दिवस कलला, तशी ती विरत गेली. बिरप्पा माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम ओरडला, "आये, तुजी खळ वल धरती! करंट तिच्यातनंच गळतोय!"

"व्हय रं भाड्या! चार पिढ्यांची घोंगडी धरली माज्या खळीनं, आन् तुजे दोन खडे धरवंनात?"

"खडे धरले की, आये. करंट सांडला!"

त्याने सगळी खळ खरवडली, मला कडकडीत वाळवलं. मग पार्सलांना मोहोर करतात ती लाख वितळवून एकेका थेंबावर एकेक जीव बसवला, कुणाचा कुणाला स्पर्श होणार नाही असा.

अवसेच्या संध्याकाळी लिंबाला बांधलेली तार माझ्यात जोडली. आधी शीळ आली, मग खरखर, आणि मग एका बाईचं गाणं! बिरप्पाने हेडफोन काढून पितळी पातेल्यात ठेवला, तसं गाणं घरभर झालं.

"आगं बया! मुंबैची बाई माज्या पातेल्यात कशी घावली?" मायाक्काने पदर सावरला.

गाणं संपलं. हरिबा पोतं झटकून उठले. "दुकान कुटं टाकायचं म्हनतोस?"

ते दुकान निघालं आणि चाललं. दर्शनी फळीवर मी होतो. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. आता व्हॉल्व्ह कधीचा विझलाय, आणि मी बिरप्पाची नात विजयमाला हिच्या कपाटावर आहे. माझी कीव करू नका. एवढंच मागतो, की घरी काही जोडायला बसलात आणि ते बोललं नाही, तर लगेच चुलीत घालू नका.

विजयमाला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. एकदा तिने मुद्दाम चिंचोक्याची खळ शिजवून माझ्या एका कोपऱ्यावर थापली आणि विजेचा मीटर लावून पाहिला. ओल्या खळीवर काटा हलला. लाखेवर हलला नाही. माझ्या कोरड्या लाकडावरही नाही.