विमलाबाईंची न्यायसभा

विमलाबाई पुण्याचं शिबिर आटोपून रत्नागिरीला परतल्या त्या न्यायसभा डोक्यात घेऊनच. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली, तरी आपल्या मुलींच्या शाळेत चिडवाचिडवीचा निकाल अजून छडीनंच लागतो, याची त्यांना लाज वाटे. शिबिरात सांगितलं होतं की मुलींची भांडणं मुलींनीच मिटवावीत. जिला त्रास झाला तिनं उभं राहून तो सांगावा, साक्षी व्हाव्यात, पाच पंच मुलींनी निकाल द्यावा आणि सगळं वहीत लिहून ठेवावं. बाईंनी लगेच एक लांबलचक वही शिवून घेतली, तिला निळा कागद घातला. आता फक्त एखादी तक्रार हवी होती.

तक्रार वर्गातच बसली होती, शेवटच्या बाकावर. सुरय्या भाट्याहून तरीच्या होडीनं खाडी ओलांडून शाळेत यायची. वडील मुंबईला बोटीवर होते, आई कुलसुम मासळी सुकवून विकायची, आणि पोरगी शाळेला निघण्याआधी वाळत घातलेली मासळी उलटून यायची. अंगाला वास लागणारच. वर्गातली सगुणा आणि तिच्या तीन मैत्रिणी नुकत्याच साडी नेसायला लागल्या होत्या, आणि पदराचा पहिला उपयोग त्यांना हाच सुचला होता. सुरय्या जवळून गेली की चौघी नाकाला पदर लावत आणि हळूच "सुकट" म्हणत. पण पोरगी जिद्दीची. सातवीपर्यंत तिनं शाळेचा एक दिवस बुडवला नव्हता. तिला सातवीअखेरची सरकारी परीक्षा, फायनल, पास होऊन शाळेत शिकवायचं होतं. तिच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी अजून फायनलला बसली नव्हती.

"नको बाय," सुरय्या म्हणाली. "माझी काय तक्रार नाय."

"भिऊ नकोस गं. तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं," बाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर निम्मं त्या कोऱ्या वहीसाठी चाललं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सगळे वर्ग एका खोलीत दाटीवाटीनं बसवले. सुरय्याला टेबलाशी उभं केलं. "सांग, तुला काय काय म्हणतात?" सुरय्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बाईंनी साक्षी बोलावल्या. साक्षींना काय, उत्साहाला तोटा नव्हता. एकीनं "सुकट" सांगितलं, दुसरीनं "खारवलेली" सांगितलं, तिसरीनं ती कशी चालते ते चालून दाखवलं. शेवटी मालन उठली. ही मालन नकला करण्यात एक नंबर. तिनं हात जोडून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "बाई, सगुणा म्हणते, भाट्याची मांजरं हिला रोज तरीपर्यंत पोचवायला येतात, आणि अलीकडची मांजरं उतरवून घ्यायला उभी असतात. माल पोचल्याची पावती पण देतात."

खोली हसून हसून लोळायला लागली. आणि बाईंनाही हसू फुटलं. क्षणभरच. दिसू नये म्हणून त्यांनी झटकन तोंडाला पदर लावला. तेवढ्यात सुरय्यानं वर पाहिलं.

पुढं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. सगुणानं माफी मागितली, तिला आठवडाभर वर्ग झाडायची शिक्षा झाली. गोदू नावाच्या मुलीनं सुवाच्य अक्षरात चिडवायची सगळी नावं, मांजरांसकट, वहीत उतरवून घेतली. बाई अगदी हुरळून गेल्या. संध्याकाळीच त्यांनी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांना पत्र लिहिलं की आमच्या शाळेतली चिडवाचिडवी बंद झाली. साहेबांचं उत्तर मंगळवारी आलं: येत्या शनिवारी न्यायसभा पाहायला येतो, त्या मुलीलाही भेटेन.

ती मुलगी सोमवारी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. फायनलचे अर्ज पुढच्या सोमवारी जायचे होते, आणि तिच्या अर्जावर आईची सही राहिली होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई तरीत बसून भाट्याला गेल्या.

कुलसुमनं घाईघाईनं चटई अंथरली, पाणी दिलं. सुरय्या दाराआडून पुढं आली, पण बसली नाही.

"शाळेत का येत नाहीस? सगुणाला शिक्षा झाली ना?"

"झाली. ती झाडू मारते नि सगळी माझ्यावर चिडतत. आधी चौघीच बोलायच्या, बाय. आता पहिलीतली पोरं मांजरांची गोष्ट सांगतत. तरीवर पण सांगतत." मग तिनं खाली बघत विचारलं, "शनिवारी परत उभं करणार काय मला?"

साहेबांचं पत्र बाईंच्या पिशवीत होतं. त्या त्याचसाठी आल्या होत्या. "छे, नाही," त्या म्हणाल्या, आणि आपण पोरीशी धडधडीत खोटं बोललो हे त्यांना कळलं.

कुलसुमला वाटलं, बाई अवघडल्यात. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पोरगी सांगत होती, बाय पण हसल्या. मी म्हटलं, बायचा काय दोष? हसू काय विचारून येतं?"

विमलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलसुमनं रागावून चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. हातातला पाण्याचा पेला खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. "सुरय्या, मी चुकले गं," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

सुरय्यानं विचारलं, "ते सगळं वहीत लिवलंय ना?"

"हो."

"नि वही शाळेतच राहणार."

शुक्रवारी बाईंनी ते पान फाडून चुलीत घातलं. शनिवारी साहेबांनी निळी वही उघडली, तर आत फाटलेल्या पानाची कड तेवढी. "पान कुठंय?"

"मी फाडलं, साहेब." सगळा वर्ग ऐकत होता. "चिडवाचिडवी बंद झालेली नाही. चार जणींपुरती होती, ती मी गावभर केली. आणि मुलगी इथं उभी असताना मी स्वतः हसले."

मालनसुद्धा मान खाली घालून बसली. साहेबांनी चष्मा पुसला, शेरेबुकात 'सरकारी दप्तर फाडले' असं लिहिलं आणि चहा न घेता निघून गेले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. वाटून घ्यायला तेवढी जागाच उरली नव्हती.

सोमवारी सुरय्या आली. अर्जावर उर्दूत आईची सही होती. तिनं तो टेबलावर ठेवला आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वर्गात कुणी "सुकट" म्हटलं नाही. बाईंनी अर्ज दोनदा वाचला, अर्जांच्या गठ्ठ्यात नीट ठेवला. छातीवरचं ओझं जरा हलकं झालं. त्या उत्साहानं फळ्याकडे वळल्या आणि शनिवारची गणितं पुसायला लागल्या.

खडूची धूळ उडाली. बारा वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप वर गेला, आणि नाकाला पदर लावूनच त्या वर्गाकडे वळल्या.

सुरय्या त्यांच्याकडेच बघत होती. तिनं हळूच मान खाली घातली, पाय बाकाखाली ओढून घेतले आणि अंग चोरून बसली.

खडूच्या धुळीचं आहे गं, असं आता सांगणार कसं? आणि सांगितलं तरी तिनं ते खरं का मानावं? बाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि उरलेला फळा तसाच, नाकातोंडात धूळ घेत, पुसून काढला.