मानेतला काटा

इताउग्वा गावच्या चौकात आंब्याखाली तोबा गर्दी होती. मांत्रिक सिन्फोरियानोबुवांनी एलादियाच्या मानेला तोंड लावून कचकचून चोखलं आणि रुमालावर थुंकले, तर त्यात बोटाच्या पेराएवढा काटा. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"रक्ताच्या माणसानं घातलाय," बुवा डोळे मिटून म्हणाले. "नाव 'नि'वरून."

एलादियाची धाकटी बहीण निमिया. दोघी एका पडवीत बसून चौकटीवर ताणलेल्या कापडावर जाळी विणायच्या. पंचेचाळिशी उलटली तशी एलादियाची मान धरू लागली. एक्स-रेत काही निघालं नाही. काही नाही, मग दुखतं ते काय? या एका प्रश्नावर बुवांचं दुकान चालत होतं.

काटा निघाल्यावर मान हलकी झाली. एलादियानं बहिणीची चौकट अंगणात भिरकावली. निमिया लेकींना घेऊन सासरच्या गावी निघून गेली. आणि आठवडा सरायच्या आत मान पुन्हा धरली. बुवा म्हणाले, अजून काटे आहेत.

हे ऐकून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सुनिल्दांचं डोकं फिरलं. बुवांच्या पुढच्या बैठकीला त्या चिपाची, म्हणजे चीज घालून भाजलेल्या पावांची, टोपली घेऊन आल्या. सगळ्यांना वाटून झाल्यावर एक चिपा बुवांपुढे धरली. बुवांनी नुसती नकाराची मान हलवली.

"मानेला हेच तोंड लावायचंय ना? मग ते रिकामं आहे हे आधी दोन घास चावून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

लोकही आग्रह करू लागले. बुवा भडकले, शाप द्यायला तोंड उघडलं, आणि गालात लपवलेला काटेरी जातीच्या माडाचा काटा त्यांच्याच जिभेत रुतला. आता थुंकीत खरं रक्त होतं.

एलादिया डॉक्टरांकडे वळली. "मग मला बरं कसं वाटलं? आणि निमियाचं नाव?"

"आधी गरम तेलानं मान चोळली ना त्यानं? शिवाय असं दुखणं आपसूक कमीजास्त होतंच. आणि रांगेत त्याच्या बायकोनं घरी कोण कोण आहे विचारलं, तेव्हा तूच सगळं सांगितलंस," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी तिचे हात, बोटांचा जोर तपासला. एक्स-रेत दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं नसतं, म्हणाल्या. वर्षानुवर्षं वाकून स्नायू आखडलेत. चौकट उंच कर, मधूनमधून ऊठ, मान हळूहळू फिरवत राहा, शेक घे. हाताला मुंग्या आल्या, जोर गेला किंवा ताप आला, तर मात्र तडक ये.

एलादिया बस धरून बहिणीकडे गेली. निमियानं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही.

"जन्मभर शेजारी बसले मी. तुला माझी खात्री नव्हती, त्या भामट्याची होती?"

एलादिया एकटीच परतली. मान आता पुष्कळ बरी आहे. निमिया अजून परतलेली नाही.

दुखण्याचं कारण सापडत नसेल, तर 'सापडत नाही' एवढंच खरं माना. तरीही इलाज करता येतो. पण त्या रिकाम्या जागी कुणी एखाद्या माणसाचं नाव भरू लागला, तर पुरावा त्याच्याकडे मागा, बहिणीकडे नव्हे.