ललितच्या नावावरची फायनल

माधवीचे वडील सुगतराव जाऊन दीड महिना झाला असेल, तेव्हा तिला गजेंद्रचा फोन आला. परतवाड्याला तो दर हिवाळ्यात फुटबॉलची स्पर्धा भरवायचा. उत्कृष्ट गोलकीपरचा चषक यंदापासून सुगतरावांच्या नावानं द्यायचं कमिटीत ठरलं होतं. "ताई, साहेबांची कारकीर्द एका पानात लिहून द्या. माईकवर वाचून दाखवतो."

पान भरेना. नागपूरला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चार वर्षं. मुंबईत तिसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबात तीन, त्यातलं दीड वर्ष बाकावर. गोव्यात एक हंगाम राखीव गोलकीपर, सामने दोन. मग गुडघा, मग अमरावती. लिहून झाल्यावर ते एखाद्या कारकुनाच्या बदल्यांसारखं दिसत होतं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ते एकदाच या विषयावर बोलले होते. "अठ्ठ्याण्णवच्या फायनलले दोन पेनल्ट्या अडवल्या मी. ललितले विचार."

आंतरजिल्हा स्पर्धेची ती फायनल अकोल्यानं जिंकली होती, एवढं तिनं शोधून काढलं. पण गोलकीपर म्हणून सगळीकडे नाव ललितचं होतं, बाबांच्या अकोल्यातल्या मित्राचं.

रविवारी ती अकोल्याला गेली. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात ललितचं घर.

"सुगतची पोरगी? ये माय. चप्पल राहू दे, फरशी कुठं पळून चालली."

समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण फ्रेममध्ये होतं. 'अकोल्याची भिंत ललित'. हवेत आडवा झालेला गोलकीपर, तोंड दंडामागं गेलेलं. डावा कोपर अर्धवट वाकलेला. तो कोपर पूर्ण सरळ होत नसे. घरी वरच्या फळीवरचा डबा काढताना बाबा उजवा हात वापरत.

"काका, हे बाबा आहेत."

ललित खुर्चीत टेकला. आत सुनेनं मिक्सर लावला होता. मिक्सर सुरू होता तेवढ्यातच तो बोलला.

"माहा घोटा सुजला होता. दुसऱ्या जिल्ह्याचा गडी चालत नव्हता. तुह्या बापाले अमरावतीहून आणलं अन् माह्या कार्डावर उतरवलं. कार्डावरचा फोटो असा, की म्हैस उभी केली असती तरी चाललं असतं. पहिला गोल त्याच्याच पायी खाल्ला. बॅक बोंबलून राहिला, 'ललित, निघ! ललित!' अन् हा बुवा उभाच. ललित म्हणजे आपण, हे ध्यानातच नाही."

"आणि पेनल्ट्या? कशा अडवल्या?"

"मी कुठं पाह्यल्या? मैदानात दोन ललित कसे जातीन? मी गेटाबाहेर टपरीवर. आत हजार माणूस 'ललित, ललित' करून राहिलं, अन् इकडं मी बशीत चहा ओतून बसलो."

मिक्सर थांबला. तोही थांबला. तिला हसू आलं असतं, पण दीड महिन्यात ती सवय सुटली होती.

"लिहू का हे?" तिनं हळू विचारलं.

"लिहिलं तं तुह्या बापाच्या नावाचा कप नाही राहत, बाई. खोट्या कार्डावर खेळला म्हणतीन."

"आणि तुम्हाला काय म्हणतील?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "सुनेले मी सांगतलं हाये, फोटोतला हा मी." मग त्यानं फ्रेमकडे बोट केलं. "सत्तावीस वर्षं येत होता तो इथं. याच फ्रेमखाली जेवला. एक शब्द नाही बोलला कधी. मलेच वाटे, आता बोलन, आता बोलन." नाक ओढून तो उठला. "लिही. खाली मी सही करतो. कागद आन."

तो सही करत असताना सून चहा घेऊन आली. त्यानं कागद झाकला नाही.

दोन दिवसांनी गजेंद्रचा फोन आला, तेव्हा माधवी उत्तरपत्रिका तपासत होती.

"ताई, पान झकास. फक्त ते अठ्ठ्याण्णवचं काढा ना. कमिटीवाले ऐकून नाही राहिले. बाकी नागपूर, मुंबई, गोवा सारं वाचतो."

"बाकीचं काढलं तरी चालेल, गजेंद्रभाऊ. ते राहू द्या."

तिकडे तो कुणाशी तरी बोलला. शब्द कळले नाहीत.

"मंग कपाले दुसरं नाव पाहा लागन, ताई."

"पाहा," ती म्हणाली आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.